रात्रपाळीची बॅटरी

ओतूर मागे टाकून माळशेज घाटाकडे निघालं, की उदापूर लागतं आणि पुढे डिंगोरे. दिवसा रस्त्याच्या कडेला ऊस, कांदा, तार-बांबूवर चढवलेला टोमॅटो दिसतो. मध्यरात्रीनंतर त्याच शिवारात उसाच्या काळ्या भिंतीपाशी एक पांढरा ठिपका हलताना दिसतो. तो थांबतो, खाली वाकतो, पुन्हा चालू लागतो. कुणीतरी दारं धरतंय. एका सरीत पाणी शेवटपर्यंत पोचलं, की खोऱ्याने माती ओढून ती सरी बंद करायची आणि पुढची फोडायची. मोटर चालू आहे तोवर हेच चालतं.

हे काम रात्री का, तर वीज तेव्हा असते म्हणून. शेतीपंपांना थ्री फेज वीज वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, एका पाळीला साधारण आठ तास. रात्रपाळी लागली की शिवारात जावंच लागतं, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात माणूस एकटा नसतो. बिबट्या इथलाच रहिवासी आहे. बिबट्यांसाठीचं माणिकडोहचं निवारा केंद्र याच जुन्नर तालुक्यात आहे, ते उगाच नव्हे. पायाखालच्या पाचटात घोणस असू शकते, बांधाच्या दगडांत मण्यार. म्हणून घराबाहेर पडताना तीन वस्तू विसरून चालत नाही: खोरं, मोबाइल आणि बॅटरी.

पाठ्यपुस्तकात तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च. गावात मात्र ती बॅटरीच, आणि तिच्या पोटात असतो तो सेल. या लेखातही तेच शब्द वापरू. बॅटरी बंद पडली, मिणमिणायला लागली, की तिला घरीच उघडून आत काहीतरी नवं बसवण्याचा उद्योग आज अनेक घरांत चालतो. एखादा पोरगा आयटीआयमध्ये शिकलेला असतो, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरिंग आयर्न मिळतं, पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात. मागणी बहुतेक वेळा एकच असते: उजेड वाढव. पण उजेड वाढवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे, आणि बहुतेक बॅटऱ्या त्याच पावलावर मरतात.

बॅटरीच्या पोटात

हातात धरायच्या नळकांडी बॅटरीचं अमेरिकन पेटंट डेव्हिड मिझेल यांना १८९९ साली मिळालं. तेव्हाचे कोरडे सेल इतके अशक्त होते, की दिवा क्षणभर लावून लगेच विझवावा लागे. इंग्रजीतलं ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या लुकलुकण्यावरून पडलं. पुढची शंभर वर्षं आत तारेचा बल्ब होता. तो विजेचा बराचसा भाग उष्णतेत घालवायचा आणि पिवळट उजेड द्यायचा.

चित्र पालटलं ते निळ्या एलईडीमुळे. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण निळा काही केल्या जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा करता येत नव्हता. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते जमवलं. त्याबद्दल २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो तो मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. काही निळा उजेड लेपातून तसाच बाहेर येतो, उरलेला पिवळा होऊन येतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. बॅटरी बंद असताना काचेतून आत पाहिलं तर मधोमध तो हळदीसारखा पिवळा चौकोन दिसतो.

आजच्या बॅटरीत चार मुख्य भाग असतात. वीज साठवणारा सेल, वीज मोजून देणारा ड्रायव्हर, उजेड देणारा एलईडी, आणि उजेडाला दिशा देणारी चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर. पाचवी गोष्ट म्हणजे या सगळ्यांना धरून ठेवणारं अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं. एकत्र कुटुंबात एकाने खर्च वाढवला की बाकीच्यांना झळ लागते, तसंच इथे आहे. एलईडी मोठा बसवला की ड्रायव्हर कमी पडतो, ड्रायव्हर मोठा केला की सेल दमतो, आणि सेल दमदार घातला की नळकांडं हातात धरवत नाही.

लुमेनचा आकडा आणि खोडदची तबकडी

खोक्यावर मोठ्या अक्षरात लुमेन लिहिलेले असतात. लुमेन म्हणजे बॅटरीतून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. तो उजेड एका दिशेला किती एकवटला आहे, याचं माप वेगळं. त्याला कँडेला म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर लुमेन म्हणजे विहिरीतून किती पाणी उपसलं, आणि कँडेला म्हणजे ते वाफ्यात पसरलं की पाइपाच्या तोंडातून धार होऊन सुटलं.

हिशोब करून पाहू. दीडशे लुमेनचा एक लहानसा एलईडी घ्या. त्याचा उजेड नव्वद अंशांच्या रुंद शंकूत पसरवला, तर कागदावर साधारण ८० कँडेला मिळतात. तोच उजेड दहा अंशांच्या अरुंद झोतात कोंबला, तर सहा हजारांवर कँडेला होतात. सेल तोच, एलईडी तोच, बदलली फक्त वाटी.

बॅटरीचा पल्ला मोजण्याची एक मान्य पद्धत आहे. जिथे उजेड पाव लक्स उरतो, तिथे पल्ला संपला असं धरतात. पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेचं चांदणं. या पद्धतीने कँडेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं, की पल्ला मीटरमध्ये येतो. वरच्या रुंद उजेडाचा पल्ला अठराएक मीटर, तर अरुंद झोताचा दीडशे मीटरच्या पुढे. पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात. त्यामुळे खोक्यावर दोन किलोमीटर लिहिलं असेल तर आत दहा लाख कँडेला असायला हवेत. ते मुठीएवढ्या वाटीला झेपणारं नाही.

वाटीचं काम समजून घ्यायला डिंगोऱ्यापासून फार लांब जावं लागत नाही. याच तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून समांतर आलेल्या लहरी तबकडीवर आपटतात आणि तिच्या वर बसवलेल्या एका ठिकाणी, म्हणजे नाभीत, गोळा होतात. बॅटरीच्या वाटीचा आकारही त्याच घराण्यातला, अन्वस्त. फरक इतकाच, की इथे काम उलटं चालतं: नाभीत एलईडी बसतो, आणि तिथून निघालेले किरण वाटीवर आपटून समांतर बाहेर पडतात.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, तबकडी जितकी मोठी तितका झोत अरुंद आणि लांब. लांबवर पाहायचं असेल तर बॅटरीचं डोकं रुंद हवं. दुसरी, एलईडी बरोबर नाभीतच हवा. तो मिलिमीटरभर जरी खाली-वर किंवा बाजूला सरकला, तरी झोताच्या मध्यभागी काळं भोक पडतं किंवा झोत तिरका होतो. घरी एलईडी बदललेल्या बॅटरीने ‘पूर्वीसारखा उजेड पडत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा एलईडी निर्दोष असतो. तो जागेवर नसतो.

उष्णतेला वाट

दहा वॉटचा एलईडी म्हटलं की दहा वॉट उजेड मिळतो असं वाटतं. प्रत्यक्षात तीन-साडेतीन वॉट उजेडाच्या रूपाने बाहेर पडतात, आणि उरलेल्या सहा-सात वॉटची उष्णता होते. सोल्डरिंगचं लहान आयर्न २५ वॉटचं असतं, म्हणजे त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी उष्णता तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढ्या चिपमध्ये तयार होते. तारेचा बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकायचा. एलईडी ती मागे, आपल्याच बुडाखाली टाकतो. ती तिथून हलली नाही तर आधी उजेड घटतो, मग लेप करपून उजेडाचा रंग निळसर होतो आणि शेवटी चिप जाते.

म्हणून उजेड वाढवण्याआधी उष्णतेला वाट काढून द्यावी लागते. ती वाट अशी असते: चिप, तिच्याखालचं सोल्डर, गोल धातूची पट्टी, थर्मल पेस्ट, आतलं बूड, नळकांडं, आणि शेवटी हात किंवा हवा. या वाटेवर एक जागा जरी अडली, तरी पुढचा रस्ता कितीही रुंद असून उपयोग नाही. हवेपेक्षा अ‍ॅल्युमिनियम हजारो पटींनी चांगलं उष्णतावाहक आहे, आणि तांबं अ‍ॅल्युमिनियमहून सरस. पट्टी आणि बूड यांच्यात कागदाएवढी हवेची फट राहिली तर ती उष्णतेला बंद दरवाजासारखी असते. थर्मल पेस्ट फक्त ती फट भरण्यासाठी. ती भाकरीला लोणी लावल्यासारखी थापायची नाही. दोन सपाट पृष्ठांमध्ये जितकी कमी राहील तितकी बरी, कारण पेस्ट हवेपेक्षा चांगली असली तरी धातूच्या जवळपासही पोचत नाही.

एलईडी ज्या गोल पट्टीवर बसतो तिच्यातही डावं-उजवं असतं. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर वीज अडवणारा एक पातळ थर असतो, आणि तो उष्णताही अडवतो. चांगल्या तांब्याच्या पट्टीत एलईडीच्या मधल्या पायाखाली तो थर ठेवलेलाच नसतो, त्यामुळे उष्णता थेट तांब्यात उतरते. मोठा एलईडी बसवणार असाल तर सगळ्यात आधी पैसे या पट्टीवर घालावेत. अनेक स्वस्त बॅटऱ्यांत आतलं बूड प्लॅस्टिकचं किंवा पोकळ पत्र्याचं असतं. तिथे मोठा एलईडी बसवणं म्हणजे चुलीवर कढई ठेवून धुराडं बुजवणं.

आठ चिप्सचा हिशोब

आता ड्रायव्हर. तारेच्या बल्बला थोडं जास्त व्होल्ट दिले तर तो थोडा जास्त पेटायचा. एलईडीचा स्वभाव तसा नाही. एका प्रचलित मोठ्या एलईडीचं उदाहरण घ्या: साधारण २.९ व्होल्टला तो पाऊण अँपियरच्या आसपास करंट घेतो, आणि ३.३५ व्होल्टला तीन अँपियर. अर्ध्या व्होल्टहूनही कमी वाढीत करंट चौपट. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. तो थेट एलईडीला जोडला तर सुरुवातीला डोळे दिपतात, पण एलईडी आणि सेल दोघंही तापतात, आणि तासाभरात मिणमिणाट सुरू होतो. म्हणून एलईडीला व्होल्ट मोजून द्यायचे नसतात, करंट मोजून द्यायचा असतो. हे मोजमाप ड्रायव्हर करतो.

एक सेल वापरणाऱ्या बॅटरीसाठी घरी काम करणाऱ्यांचा लाडका ड्रायव्हर अगदी साधा आहे. त्यावर ‘७१३५’ नावाच्या चिमुकल्या चिप्स असतात. प्रत्येक चिप ३५० मिलिअँपियर करंट सोडते, ना कमी ना जास्त. पाटाला एकसारखी भोकं पाडावीत तशी ही रचना आहे. आठ चिप्स लावल्या, की २८०० मिलिअँपियर. बटण दाबून कधी एकच भोक उघडायचं, कधी आठही. जास्त सेल वापरणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांत मात्र व्होल्टेज उतरवणारा किंवा चढवणारा ड्रायव्हर लागतो. तो सेकंदाला लाखो वेळा वीज उघडझाप करतो. तो निकृष्ट असेल तर शेजारच्या रेडिओवर खरखर ऐकू येते.

आठ चिप्स चालू असताना चांगला एलईडी नऊशे-हजार लुमेन देतो. एका चिपवर तोच एलईडी दीडशेच्या आसपास देतो. म्हणजे करंट आठपट केला, पण उजेड सहापटच झाला, कारण जास्त करंटला आणि जास्त तापमानाला एलईडीची कार्यक्षमता घसरते. त्यात आपल्या डोळ्याची गंमत वेगळी. डोळा उजेड सरळ मोजत नाही. सहापट उजेड त्याला जेमतेम दुप्पट-अडीचपट वाटतो. सेल आठपट वेगाने रिकामा करायचा, बॅटरी हात भाजेपर्यंत तापवायची, आणि डोळ्याच्या पदरात पडणार दुप्पट. लुमेनच्या आकड्यामागे धावण्यातला तोटा इतका सरळ आहे.

सेल बदलताना

गावातल्या जुन्या चार्जिंगच्या बॅटरीत बहुधा चार व्होल्टचा शिशाचा सेल असतो. मोटारीच्या बॅटरीचा हा धाकटा भाऊ. त्याला रिकामं ठेवलेलं चालत नाही. पावसाळ्यात वापर कमी झाला, बॅटरी तशीच कोनाड्यात राहिली, की त्याच्या आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि तो पुन्हा चार्ज घेत नाही. मग कुणीतरी सुचवतं: ‘अरे, लॅपटॉपचा सेल टाक की त्यात!’

सल्ला अर्धा बरोबर आहे. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून निघणारा सेल बहुधा १८६५० जातीचा असतो. नावातच त्याचं माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि तेवढ्यात तो शिशाच्या सेलपेक्षा कितीतरी जास्त वीज धरतो. अशा लिथियम-आयन सेलची विक्री १९९१ साली सुरू झाली, आणि त्याचा पाया घालणाऱ्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उरलेला अर्धा सल्ला मात्र कुणी देत नाही, आणि धोका तिथेच आहे. जुन्या बॅटरीचं चार्जिंग शिशाच्या सेलसाठी असतं. ते थांबायचं कधी हे त्याला कळत नाही, तास उलटले तरी वीज ढकलत राहतं. शिशाचा सेल ते काही काळ सोसतो. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला की आतून फुगतो, तापतो आणि पेट घेऊ शकतो.

शिवाय त्या जुन्या चार्जिंगमध्ये बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरच नसतो. घरातली २३० व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून उतरवून थेट आत घेतलेली असते. म्हणजे पिन भिंतीत असताना बॅटरी उघडली, तर आतला कुठलाही भाग जिवंत असू शकतो. ओल्या हाताने तर नकोच.

म्हणून सेल बदलायचा तर चार्जिंगची व्यवस्थाही बदलायची. ‘टीपी ४०५६’ नावाची, बोटाच्या पेराएवढी निळी पट्टी बाजारात सर्रास मिळते. तिला मोबाइलच्या चार्जरमधून पाच व्होल्ट द्यायचे. ती सेलला जास्तीत जास्त एक अँपियरने चार्ज करते आणि ४.२ व्होल्टला स्वतःहून थांबते. घेताना संरक्षण असलेली पट्टी घ्यावी. ती सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की वीज तोडते, आणि तारा एकमेकींना चिकटल्या तरीही तोडते. जुनं २३० व्होल्टचं सर्किट कापून बाहेर काढायचं आणि पिनेचं भोक बुजवायचं, म्हणजे सवयीने कुणी पुन्हा भिंतीत खुपसणार नाही.

सेल निवडताना छापलेल्या आकड्यावर जाऊ नये. १८६५० आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता आज ३५०० मिलिअँपियर-तासांच्या आसपास संपते. त्यावर ९९०० लिहिलेलं असेल तर तो आकडा फक्त कागदावर आहे. वजनाच्या काट्यावर ठेवला की गोष्ट उघड होते: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा बराच हलका. जुन्या पॅकमधला सेल दोन व्होल्टच्या खाली गेलेला असेल, फुगला असेल, त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं असेल, तर तो वापरू नये. दोन सेल शेजारी जोडायचे तर एकाच जातीचे, एकाच वयाचे आणि जोडण्याआधी एकाच व्होल्टला आणलेले. बैलजोडीचा नियम इथेही लागू आहे: एक तरणा आणि एक थकलेला जुंपला, की दोघंही बिघडतात.

हात घालताना

काम सुरू करताना सेल आधी बाहेर. बॅटरीचं डोकं उघडताना चाकांसारख्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, कुठे होत्या ते लक्षात ठेवायचं आणि परत बसवताना त्यांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यायचा. दारं धरणाऱ्याचे हात रात्रभर ओले असतात. माळशेजच्या बाजूचा पाऊस तर आडवा येतो. एक कडी विसरली तर सगळी मेहनत पहिल्याच पावसात पाण्यात.

एलईडी आणि ड्रायव्हर यांच्यातल्या तारा काढताना अधिक-उणे खूण करून ठेवावी. नवा एलईडी पट्टीवर बसवायचा तर आयर्न टोचण्यापेक्षा पट्टी खालून तापवावी. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं; ते चकाकलं की एलईडी चिमट्याने अलगद ठेवायचा. तो आपोआप जागेवर ओढला जातो. पट्टी थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. एलईडीच्या पिवळ्या भागाला तर बोट नकोच. तो मऊ असतो आणि दाबाने फाटतो. मग वाटी बसवून, भिंतीवर झोत पाडून पाहायचा. मध्यभाग भरलेला आणि गोल असेल तर एलईडी नाभीत आहे. शेवटी मल्टिमीटरने सेलमधून जाणारा करंट मोजायचा. या आकड्यावरून बॅटरी किती तास चालेल ते कळतं. डोळ्याला किती लख्ख वाटलं यावरून कळत नाही.

पहिली चाचणी घरातच, आणि बॅटरी हातात धरून. दहा मिनिटं पूर्ण उजेडावर ठेवा. नळकांडं हळूहळू गरम होत गेलं तर वाट मोकळी आहे. ते थंडच राहिलं, तर आनंद करू नका. उष्णता आतच अडकली आहे.

डोळा, धुकं आणि साप

इथवर सगळं यंत्राचं झालं. पण बॅटरी शेवटी डोळ्यासाठी असते, आणि डिंगोऱ्याच्या रात्रीत डोळ्यापुढे तीन वेगळी कामं असतात.

पहिलं काम लांबचं. बिबट्या, कुत्रा, गाय, मांजर यांच्या डोळ्यांच्या मागे एक आरशासारखा पडदा असतो. अंधारात थोडक्या उजेडाचा दुहेरी वापर करण्याची ही सोय. त्यावर पडलेला उजेड बहुतांशी आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून बॅटरी कमरेपाशी धरून झोत टाकला, तर ती चमक कमरेकडे जाते आणि आपल्याला दिसत नाही. बॅटरी भुवईच्या पातळीवर, डोळ्याशेजारी धरली, की तेच दोन दिवे लांबून चमकतात. डोक्याला बांधायच्या बॅटरीचा हा फायदा मोठा आहे. चमकलेले डोळे बिबट्याचेच असतील असं नाही, शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याचेही असतील. पण तिथे कुणीतरी आहे हे आधी कळणं महत्त्वाचं. झोत म्हणजे संरक्षण नव्हे. सोबत, मोठ्याने बोलणं, मोबाइलवर गाणी लावणं आणि उसाच्या कडेला फार वेळ वाकून न राहणं ही खबरदारी आहेच. बिबट्याला झोताने मुद्दाम डिवचणंही शहाणपणाचं नाही.

दुसरं काम पायाखालचं, आणि त्याला वरची युक्ती लागू पडत नाही. सापाच्या डोळ्यांत तसा आरसा नसतो. गवतात बारीक हिरवट ठिणग्या चमकल्या तर ते कोळी असतात. घोणस पाचटात पाचटाच्याच रंगाची होऊन पडलेली असते, आणि तिला ओळखायचं ते अंगावरच्या नक्षीवरून. त्यासाठी हवा रुंद, सारखा पसरलेला आणि रंग खरे दाखवणारा उजेड. स्वस्त निळसर एलईडीखाली तपकिरी आणि करड्या छटा एकमेकींत मिसळून जातात. थोडा उबदार, रंगांना न्याय देणारा एलईडी तेवढ्याच करंटला काही लुमेन कमी देतो, पण पाचट आणि घोणस वेगळी दाखवतो.

तिसरं काम धुक्यातलं. पावसाळ्यात माळशेजवरून उतरलेलं धुकं शिवारात बसलं, की डोक्याला बांधलेला झोत समोर पांढरी भिंत उभी करतो, कारण थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. तेव्हा बॅटरी काढून कमरेच्या खाली धरायची, उजेड कमी करायचा. पिवळा उजेड धुकं भेदतो ही समजूत मात्र खरी नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात, की ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. उपाय रंगात नाही, बॅटरी धरण्याच्या उंचीत आहे.

आणि एक गोष्ट तिन्ही कामांना लागू. अंधाराला सरावलेला डोळा ही फुकट मिळालेली, सगळ्यात उत्तम यंत्रणा आहे. तो पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि जवळच्या पांढऱ्या पाइपावर हजार लुमेनचा झोत एकदा आपटला, की तो सराव क्षणात पुसला जातो. मग झोताच्या कडेला, जिथे धोका असू शकतो, तिथे काळोख आणखी दाट होतो.

एक चिप, आठ तास

राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. शेतीला दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. तो सगळीकडे पुरा होईल त्या दिवशी दारं धरायला बॅटरी लागणार नाही. तोवर रात्रपाळीसाठी बॅटरीत कोणता बदल करावा, याचं उत्तर वरच्या आकड्यांतूनच निघतं.

एलईडी रंग खरे दाखवणारा, तांब्याच्या पट्टीवर. वाटी फार खोल नको. मध्ये झोत आणि भोवती पुरेसा पसारा. ड्रायव्हर आठ चिप्सचा, पण बटण पहिल्यांदा दाबलं की एकच चिप चालू होईल असा. सेल खरा, ३००० मिलिअँपियर-तासांचा. आठही चिप्स लावून ठेवल्या तर तो तासाभरात संपतो, आणि मग सात तास काळोख. एका चिपवर दीडशे लुमेन मिळतात. ते रुंद पसरले तरी दोन मीटरवरची सरी पौर्णिमेच्या चांदण्याच्या ऐंशीएक पट उजळते. पाणी कुठवर आलं, पाय कुठे पडतोय, बांध कुठे फुटलाय, हे त्यात स्वच्छ दिसतं. मोठा झोत बांधापलीकडे खसफस झाली तर. त्याचं प्रत्येक मिनिट लहान उजेडाची आठ मिनिटं खातं, हे लक्षात ठेवलं की पुरे.

आता ३००० ला ३५० ने भागा. साडेआठ तास येतात. मोटरीची पाळी आठ तासांची. उरलेला अर्धा तास घरी चालत यायला.